पंपात कोणते इन्सुलिन भरावे?

प्रश्न : माझे वय ३४ असून गेली ११ वर्षे मला टाइप १ मधुमेह आहे. जेवणाआधी पेनने ॲस्पार्ट हे जलद इन्सुलिन आणि रात्री ग्लार्जिन हे दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन घेते. आता इन्सुलिन पंप बसवायचे ठरले आहे. पंपात एकच, जलद काम करणारे इन्सुलिन भरतात असे समजले. मग माझे ॲस्पार्टच पुढे चालू ठेवावे, की त्याहून जलद म्हणून आलेले नवे इन्सुलिन घ्यावे? सगळीच जलद असतील, तर फरक नेमका कशात पडतो?

उत्तर : ॲस्पार्ट आपल्याला मानवत असेल आणि आपल्या पंपाच्या माहितीपुस्तिकेत त्याचा मान्यताप्राप्त म्हणून उल्लेख असेल, तर सुरुवात त्यानेच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पंप सुरू होताना ग्लार्जिन बंद होते, दिवसभराची एकूण मात्रा बहुधा थोडी कमी करावी लागते आणि बेसलचे, म्हणजे दिवसरात्र थोडे थोडे जात राहणाऱ्या इन्सुलिनचे, तासागणिक दर नव्याने बसवावे लागतात. त्यातच इन्सुलिनही बदलले, तर पहाटे चढलेल्या साखरेचे खापर कशावर फोडायचे, हे ना आपल्याला कळेल ना आपल्या डॉक्टरांना.

आता वेगाविषयी. साध्या मानवी इन्सुलिनचे रेणू सहा-सहाच्या गटाने एकमेकांना धरून राहतात आणि ते सुटे झाल्याखेरीज त्वचेखालून रक्तात नीट शिरू शकत नाहीत. १९९६ साली वापरात आलेले लिस्प्रो, त्यामागून आलेले ॲस्पार्ट आणि ग्लुलिसिन यांच्या रचनेत एखाद-दुसरे अमिनो आम्ल बदलून ही पकड सैल केलेली आहे. रोजच्या वापरात या तिघांचा वेग जवळपास सारखाच असतो. जेवणाआधी साधारण १५ मिनिटे बोलस, म्हणजे जेवणापुरती एकदम द्यायची मात्रा, दिला की तिन्ही आपले काम करतात. त्यांच्यात वेगावरून निवड करण्यात फारसा अर्थ नाही. त्यानंतर आलेल्या जलद ॲस्पार्टमध्ये बी-३ जीवनसत्त्वाचे एक रूप मिसळलेले असते, त्यामुळे ते आणखी काही मिनिटे लवकर रक्तात पोचते आणि जेवणानंतरच्या पहिल्या तासातली उसळी थोडी आवरते. अतिजलद लिस्प्रोचाही हेतू हाच. मात्र पंपातून दिल्यावर टोचल्या जागी लाली, आग किंवा दुखणे अशा तक्रारी या नव्या प्रकारांत अधिक आढळल्या आहेत.

पेन आणि पंप यांतला खरा फरक वेगात नाही, टिकाऊपणात आहे. पेनमधले इन्सुलिन सुई टोचली की लगेच शरीरात जाते. पंपातले मात्र दोन-तीन दिवस अंगाच्या उबेत, हालचालीत आणि बारीक नळीत पडून असते. तिथे ते साकळले, तर कॅन्युला, म्हणजे त्वचेखाली बसवलेली छोटी नळी, तुंबते. म्हणूनच ग्लुलिसिन पंपाच्या रिझर्व्हॉयरमध्ये (इन्सुलिनच्या टाकीत) ४८ तासांपेक्षा अधिक ठेवू नये, अशी सूचना त्याच्या माहितीपत्रकात असते. इन्सुलिन कोणतेही असो, ३७ अंश सेल्सियसच्या वर तापले तर टाकून द्यावे. तेव्हा पहिल्या दिवशीच्या साखरेच्या आलेखावर खूश होऊ नका. तिसऱ्या दिवशी, त्याच कॅन्युलावर, नेहमीच्या बोलसने नेहमीच्या जेवणाची साखर आटोक्यात राहते का, ते पाहा. राहत नसेल, तर मात्रा वाढवण्याआधी कॅन्युला बदलून पाहावी. जागेवर ओल लागली किंवा जंतुनाशकासारखा उग्र वास आला, तर इन्सुलिन बाहेर झिरपते आहे असे समजावे. (हा वास त्यातल्या संरक्षक द्रव्याचा असतो आणि एकदा ओळखला की विसरत नाही.) बाटली फ्रिजमधून काढून लगेच भरू नये, थंड इन्सुलिन नळीत कोमट होताना बुडबुडे सुटतात आणि बुडबुडा म्हणजे तेवढे इन्सुलिन कमी.

दोन-तीन महिन्यांत बेसल स्थिरावले, बोलस वेळेवर दिला जात आहे, तरीही जेवणानंतर साखर उसळतेच, असे दिसले तर जलद ॲस्पार्टचा विचार डॉक्टरांशी बोलून जरूर करावा. त्या वेळी पंपातील सक्रिय इन्सुलिनच्या कालावधीचा (एक बोलस किती तास काम करत राहतो, त्याचा) आकडाही त्यांच्याकडून तपासून घ्यावा. पंप एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट हे प्रमाण धरून चालतो. २०० युनिटचे इन्सुलिन त्यात चुकूनही भरू नये.

ॲस्पार्टवरच राहण्याचा आणखी एक फायदा आहे. पंपात दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन नसल्यामुळे पुरवठा थांबला तर काही तासांतच रक्तात कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारी घातक आम्ले) वाढू लागतात. अशा वेळी साखर उतरवण्यासाठी जवळचे जुने पेन तेच इन्सुलिन, त्याच हिशेबाने देते. पंप बराच वेळ बंद ठेवावा लागला तर ग्लार्जिन किती घ्यायचे, तो आकडा मात्र डॉक्टरांकडून पहिल्याच भेटीत लिहून घ्यावा आणि कागद पेनच्या डबीतच ठेवावा.