हॉटेलातले आयपी फोन, पाहुण्यांचे वाय-फाय आणि स्विचवरचे क्यूओएस (कोणता ट्रॅफिक आधी जाईल ते ठरवणे)

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कळंगुटचे हॉटेल, १०० एमबीपीएसची लाइन, सिस्कोचा २९६० स्विच. राउटरकडून येणाऱ्या पोर्टवर पाहुण्यांच्या सबनेटला (त्यांच्या नेटवर्क पत्त्यांच्या गटाला) ४० एमबीपीएसचे पोलिसिंग, म्हणजे वरचा माल फेकून देणारी मर्यादा, लावले आहे. तरी पाहुण्यांना त्याच्या निम्मा वेगही मिळत नाही आणि संध्याकाळी रिसेप्शनच्या फोनवर आवाज तुटतो. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एकाच उपायाने सुटणार नाहीत.

आधी वेगाचे बघू. तुम्ही बर्स्ट, म्हणजे एका दमात जाऊ दिला जाणारा माल, ८००० बाइट ठेवला आहे. हा त्या स्विचवरचा सर्वात लहान आकडा. यात १५०० बाइटची जेमतेम पाच पॅकेट मावतात, आणि टीसीपी (इंटरनेटवरचा बहुतेक डेटा पोचवणारी पद्धत) आजकाल सुरुवातच दहा सेगमेंटने, म्हणजे दहा पॅकेटने, करते. ती लागोपाठ आली की उरलेली तिथल्या तिथे फेकली जातात, कारण पोलिसिंगमध्ये थांबवून ठेवण्याची सोयच नाही. ते काम शेपिंगचे. पॅकेट पडले की टीसीपी वेग उतरवते, हळूहळू चढवते, पुन्हा आपटते. ४० एमबीपीएसला ८००० बाइट म्हणजे फक्त १.६ मिलिसेकंदांचा माल! दीड सेकंदाचा बर्स्ट ठेवावा असा एक ढोबळ हिशेब आहे, पण तो इथे ७५ लाख बाइटवर जातो आणि हा स्विच १० लाखांच्या वर घेत नाही. तेव्हा १० लाखच टाका. फरक लगेच दिसेल.

आता फोन. जी.७११ कोडेकचा (आवाजाचा डेटा करण्याच्या पद्धतीचा) एक कॉल इथरनेटवर साधारण ८७ केबीपीएस घेतो, म्हणजे वीस कॉल एकदम चालू असले तरी पावणेदोन एमबीपीएस. फोनला बँडविड्थ कमी पडत नाहीये, त्याची पॅकेट रांगेत अडकताहेत. आणि ती रांग तुमच्या स्विचवर नाही. स्विच ते राउटर गिगाबिट आहे, तुंबते ते राउटरच्या पुढे, १०० एमबीपीएसच्या तोंडाशी. गोव्यात चोडण बेटावर जाताना खोळंबा होतो तो रायबंदरच्या धक्क्यावर, फेरीबोटीपाशी. पणजीच्या रस्त्यावर रुग्णवाहिकेला वाट करून दिली म्हणून ती बोटीत आधी चढत नाही. शिवाय तुमची मर्यादा फक्त डाउनलोडला आहे. संध्याकाळी किनाऱ्यावरून परतलेले पाहुणे फोटो-व्हिडिओ अपलोड करतात, त्याला काहीच अडवत नाही.

म्हणून राउटरवर बाहेर जाणारा ट्रॅफिक ९० ते ९५ एमबीपीएसला शेप करा, म्हणजे रांग तुमच्या ताब्यात येईल, आणि तिच्यात डीएससीपी ४६ ला (फोन आवाजाच्या पॅकेटवर लावतो त्या खुणेला) प्राधान्य द्या. लाइनचा अपलोड १०० पेक्षा कमी असेल तर त्या आकड्याच्या थोडे खाली. माझ्या मते तुमच्याकडे सगळ्यात महत्त्वाचे काम हेच आहे.

स्विचवरची एक गोष्ट मात्र आजच तपासा. या मालिकेत 'एमएलएस क्यूओएस' या आज्ञेने क्यूओएस चालू केले की सगळे पोर्ट आपोआप अविश्वासू धरले जातात आणि फोनने लावलेला ४६ पुसून शून्य होतो. मग राउटर प्राधान्य देणार कोणाला? फोनच्या पोर्टवर आणि राउटरकडच्या पोर्टवर डीएससीपी ट्रस्ट लावा, म्हणजे आलेली खूण तशीच राहील. ॲक्सेस पॉइंटच्या (वाय-फाय देणाऱ्या यंत्राच्या) पोर्टवर बिलकूल लावू नका, नाहीतर कुठल्याही पाहुण्याचे ॲप स्वतःला ४६ म्हणवून पुढे घुसेल. राउटरकडच्या पोर्टवर 'प्रायॉरिटी-क्यू आउट' द्या, म्हणजे पहिली क्यू (रांग) सगळ्यांच्या आधी जाईल; डीएससीपी ४० ते ४७ मुळातच पहिल्या क्यूत जातात.

मग कॉल चालू ठेवून 'शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस'ला पोर्टचे नाव आणि 'स्टॅटिस्टिक्स' जोडून चालवा. राउटरकडच्या पोर्टच्या आउटगोइंग तक्त्यात ४६ चा आकडा वाढायला हवा. ड्रॉप (फेकलेली पॅकेट) बघताना लक्षात ठेवा: कॉन्फिगरेशनमधली १ नंबरची क्यू इथे ० म्हणून छापली जाते. माणसे नेमकी इथेच गोंधळतात आणि भलत्याच क्यूचे बफर (पॅकेट थांबवायची जागा) वाढवत बसतात.

दर पाहुण्यामागे वेगळी मर्यादा हवी असेल तर ती वाय-फाय कंट्रोलरवर घाला. या स्विचला पोर्टमागची वेगवेगळी माणसे ओळखता येत नाहीत.