इथनिक स्टडीजला नाही म्हणण्याआधी कर्ज कोणाच्या नावावर येतंय ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लेक कॅलिफोर्नियातच जन्मलेली आहे आणि तिला इथनिक स्टडीज (अमेरिकेतल्या वांशिक अल्पसंख्याकांचा इतिहास आणि समाजजीवन) हा पदवीचा मुख्य विषय, म्हणजे मेजर, घ्यायचाय. यूसी रिव्हरसाइड या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळालाय आणि लॉस एंजेलिसच्या एका महागड्या खासगी विद्यापीठातही. यजमान विचारतात, "हे शिकून पोट भरणार आहे का?" तुमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे आणि पुण्याचा फ्लॅट विकून तिला खासगीत पाठवावं का, यावर घरात खल चाललाय. ओळखीच्या घरांतले फाफ्सा (सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज) फॉर्म भरायला मी बरीच वर्षं बसतोय, त्या अनुभवावरून लिहितो.

माझं मत सरळ आहे. विषयाला नाही म्हणू नका, खासगीच्या किमतीला म्हणा.

मुलगी अमेरिकन नागरिक असल्यामुळे तुमचा व्हिसा कुठलाही असो, फाफ्सा भरता येतो आणि सरकारी विद्यार्थी कर्ज तिच्या स्वतःच्या नावावर मिळतं. पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढची दोन वर्षं ७,५००. चार वर्षांचे झाले २७ हजार डॉलर. २०२५-२६ चा व्याजदर ६.३९ टक्के होता. त्या दराने दहा वर्षांत फेडायचे ठरवले तर महिन्याला साधारण ३०५ डॉलर हप्ता बसतो, शिकत असतानाचं व्याज चढेल ते वेगळं. आता पहिली नोकरी वर्षाला ५० हजारांची धरा, शाळा, काउंटी (जिल्हा प्रशासन), युनियन किंवा एखादी स्वयंसेवी संस्था. कॅलिफोर्नियात कर कापून हातात ३,३०० च्या आसपास येतात. त्यात खोली शेअर करून हा हप्ता जातो. ओढाताण होते, पण जातो. म्हणून मी २७ हजार हीच लक्ष्मणरेषा मानतो, मेजर कुठलंही असो.

खासगीचा खर्च वर्षाला ९० हजारांच्या घरात आहे. मधली दरी कोण भरणार? पेरेंट प्लस हे पालकांचं सरकारी कर्ज तुम्हाला मिळणारच नाही, ते नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे. (ज्यांना मिळतं त्यांनीही बघून घ्या: १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जाला वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार अशी मर्यादा आहे. २०२५-२६ चं व्याज ८.९४ टक्के आणि वर सव्वाचार टक्क्यांच्या आसपास फी, जी आधीच कापून घेतात.) मग उरतं बँकेचं खासगी कर्ज. त्याला बहुतेक ठिकाणी नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला को-सायनर (जामीन) लागतो, म्हणजे तुम्ही कोणातरी भावोजींच्या किंवा मित्राच्या दारात जाणार. नोकरी सुटली तर सरकारी कर्जात मिळते तशी पगाराप्रमाणे हप्ता ठरण्याची सोय त्यात नसते. आणि हप्ते थकले की बँक त्या भावोजींकडे बघते.

दोन्ही कॉलेजांची आर्थिक मदतीची पत्रं समोरासमोर ठेवा. "एकूण मदत" म्हणून खाली जो मोठा आकडा दिसतो, तो बहुतेक वेळा ग्रँट (परत न फेडायची मदत), वर्क-स्टडी (शिकताना करायचं काम) आणि कर्ज असे तिन्ही मिळून असतो. पेन घ्या आणि कर्जाच्या ओळी खोडा. वर्क-स्टडीही खोडा, ते पैसे तिने ग्रंथालयात काम केल्यावर मिळणार, फीमधून वजा होत नाहीत. फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप उरवा आणि ती पूर्ण खर्चातून वजा करा. जे उरेल ती खरी किंमत. हे केल्यावर कित्येकदा घरातला वाद तिथेच संपतो.

पगाराचे आकडे बघायला सरकारचं कॉलेज स्कोअरकार्ड चांगलं आहे, पण नीट वाचा. त्यात इथनिक स्टडीज स्वतंत्र दिसत नाही. जेंडर स्टडीज वगैरे विषयांसकट एकाच गठ्ठ्यात असतं. आकडे फक्त सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचे असतात, आणि विभाग छोटा असला की गोपनीयतेसाठी रकाना रिकामाच ठेवतात. तो रिकामा दिसला की विभागालाच ईमेल टाका: गेल्या काही वर्षांतले पदवीधर आज कुठे आहेत? उत्तर किती नेमकं येतं यावरूनही कळतं. २०२५ च्या कायद्याने आणखी एक चाळणी आणली आहे. पदवीनंतर चौथ्या वर्षीची मध्यम कमाई फक्त हायस्कूल शिकलेल्यांपेक्षा तीनपैकी दोन वर्षं कमी भरली, तर त्या अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज बंद.

"आता हा विषय शाळेत सक्तीचा झालाय, शिक्षक लागणारच" असं कोणी सांगितलं तर त्यावर हिशेब बांधू नका. २०२१ चा एबी १०१ कायदा २०३० च्या बॅचपासून हायस्कूलला हा विषय सक्तीचा करणार होता, पण राज्याने पैसे दिले तरच, आणि २०२५ च्या बजेटमध्ये ते दिले नाहीत. कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) मध्ये मात्र हा कोर्स सक्तीचा आहे. पण तिथे शिकवायला पुढची पदवी लागते आणि बरीचशी कामं तासिका तत्त्वावरची. शाळेत शिकवायचं असेल तर सोशल सायन्सचं क्रेडेन्शियल (शिकवण्याचा परवाना) काढावं लागेल, हे तिला आत्ताच सांगा.

यजमानांना एक सांगा. हा विषय १९६८-६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या विद्यार्थ्यांनी पाच महिने संप करून मिळवला, आणि त्यात आपलाही इतिहास आहे. भारतातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नागरिकत्व नाकारलं ते प्रकरण याच वर्गांत शिकवतात. कॅल स्टेटने २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द घातला, तेव्हा आपल्या मंडळांत काय वादावादी झाली ते आठवत असेलच. मुलगी काहीतरी हवेतलं शिकायला निघालेली नाही. फक्त जोडीला स्टॅटिस्टिक्स, पब्लिक पॉलिसी किंवा स्पॅनिश घ्यायला सांगा. काउंटीच्या आरोग्य खात्यात किंवा शाळा-जिल्ह्यात अर्ज करताना नुसत्या मेजरपेक्षा आकडेवारी हाताळता येणं जास्त उपयोगी पडतं.

पुढे शिकायचं तर पीएचडी फी माफ आणि स्टायपेंडसकटच, नाहीतर नाही. स्वखर्चाने एमए मुळीच नको. ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं सरकारी कर्ज नव्या विद्यार्थ्यांना १ जुलै २०२६ पासून बंद आहे, मास्टर्सला वर्षाला २०,५०० एवढंच मिळतं. लॉला जायचं असेल तर मेजरची अट नाही, एलएसॅट ही प्रवेश परीक्षा आणि ग्रेड बघतात. म्हणूनच बीएला कर्ज कमी ठेवायचं.

रिव्हरसाइडला राहणं-जेवण धरून वर्षाला ४० हजारांच्या घरात जाईल, त्यातली फी १५ हजारांहून थोडी जास्त. पगारातून तेही झेपत नसेल तर दोन वर्षं घरी राहून कम्युनिटी कॉलेज, युनिटला (श्रेयांकाला) ४६ डॉलर. तिथून रिव्हरसाइडला टॅग या हमीच्या योजनेतून जाता येतं, बर्कली आणि यूसीएलएला ती सोय नाही.

फ्लॅट सध्या भाड्याने राहू द्या. परदेशस्थ म्हणून विकलात तर घेणारा आधीच टीडीएस कापतो, भारतात नफ्यावर १२.५ टक्के कर आणि अधिभार, आणि तोच नफा इथल्या रिटर्नमध्येही दाखवावा लागतो. तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण ते पैसे हातात येईपर्यंत तिचं पहिलं सेमिस्टर संपलेलं असेल.