माजी विद्यार्थ्यांकडे लगेच पैसे मागू नका

मॅडम, शाळेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून देणगी जमवायचं काम अंगावर घेतलंत, उत्तम. पण पहिल्याच मेसेजमध्ये क्यूआर कोड टाकू नका. नवे लोक हमखास इथंच घसरतात. आधी शाळेचं जनरल रजिस्टर (प्रवेशाची नोंदवही) काढा, बॅचवार नावं उतरवा. प्रत्येक बॅचमध्ये एक खटपट्या असतोच. तो गाठलात की बाकीचे नंबर आपोआप मिळतात. तुमच्या विटा-खानापूरकडची बरीच मुलं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात परराज्यांत आहेत. ती दिवाळीला नाहीतर गावच्या यात्रेला येतात, मेळावा तेव्हाच ठेवा.

मागताना ‘शाळेच्या विकासासाठी’ असं मोघम नको. ‘आठवीच्या वर्गाला बारा बाक’ म्हणा आणि कोटेशन जोडा.

पैशाच्या बाबतीत सुरुवातीला एवढंच:

- पावती त्याच दिवशी. संस्थेला ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) असलं तरी २००० रुपयांवरच्या रोख देणगीवर करसवलत मिळत नाही. चेक किंवा यूपीआय घ्या.
- परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय रुपयाही नको. भारतीय पासपोर्टवाल्यांचं चालतं.

बाक आले की मुलं बसलेला फोटो पाठवा, खाली खर्चाचा हिशोब. बहुतेक शाळा इथं गप्प बसतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा हात पसरतात, मग कोण देणार? वेबसाइट, कॉर्पस फंड (कायमस्वरूपी निधी) वगैरे सध्या राहू द्या.