आराखडा कुणासाठी लिहायचा?

प्रश्न : ताई, कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, आरोग्य खात्यात मी चार महिन्यांपूर्वी नियोजनाच्या कामावर रुजू झाले. काउंटीचं स्वतःचं रुग्णालय आहे, क्लिनिकं आहेत. पाच वर्षांचा आराखडा माझ्या गळ्यात पडलाय. पण दोन वर्षांत हे तिसरे संचालक, आणि शेवटचा शब्द ज्यांचा, त्या मंडळात एकही डॉक्टर नाही. मी लिहू तरी कुणासाठी?
– एक वाचक

उत्तर : अशाच एका काउंटीत मी एकोणीस वर्षं हेच काम केलं आणि सात संचालक पाहिले. नवा माणूस आला की जुना आराखडा कपाटात जातो, आणि तोच मजकूर नव्या मुखपृष्ठासकट मागितला जातो. कपाटात जात नाही ते अंदाजपत्रक. 1 जुलैला नवं आर्थिक वर्ष उजाडतं तेव्हा ज्या पदाला पैसा आहे ते पद राहतं, बाकीची नुसती वाक्यंच राहतात. म्हणून प्रत्येक वाक्यापुढे पद आणि पैसा लिहा. जिथे लिहिता येत नसेल, ते वाक्य खोडा. माझी निम्मी पानं अशीच गेली होती.

मंडळात डॉक्टर नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. सॅन फ्रान्सिस्कोचा अपवाद सोडला, तर कॅलिफोर्नियातल्या काउंट्यांचा कारभार निवडून आलेले पाच सुपरवायझर बघतात. रस्ते, तुरुंग आणि तुमचं रुग्णालय एकाच सकाळी त्यांच्यापुढे येतं. 1953च्या ब्राऊन कायद्यानुसार नियमित बैठकीचा अजेंडा 72 तास आधी जाहीर करावा लागतो. तो दर वेळी वाचा, त्यातही ‘कन्सेंट कॅलेंडर’ आधी. चर्चेविना एका मतात मंजूर होणारी ही यादी नवख्यांना कंटाळवाणी वाटते, पण तुमच्या आराखड्याला लागणारे करार बहुतेक तिथूनच सरकतात.

आता खाटांबद्दल. रुग्णालयाचा परवाना किती खाटांचा आहे हे सगळे सांगतील, तुम्ही त्यावर जाऊ नका. कॅलिफोर्नियात परिचारिकांचं प्रमाण कायद्याने बांधलेलं आहे: साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक, अतिदक्षता विभागात दोघांमागे एक. एक परिचारिका कमी म्हणजे वॉर्डातल्या पाच खाटा नुसतं फर्निचर. आणि काउंटीत पद मंजूर झाल्यापासून माणूस प्रत्यक्ष वॉर्डात उभा राहीपर्यंत जाहिरात, परीक्षा, यादी, पार्श्वभूमी तपासणी असं सगळं पार पडावं लागतं. आमच्याकडे यात सात-आठ महिने जायचे. आराखड्यात मात्र आम्ही ऐटीत ‘पहिली तिमाही’ लिहायचो.

एक फजिती सांगते. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी आम्ही एक क्लिनिक रात्री आठपर्यंत उघडं ठेवलं. डॉक्टर मिळाले, परिचारिका मिळाल्या, दुभाषी मिळाले, मंडळाने कौतुक केलं. तरी तीन महिन्यांनी संध्याकाळची गर्दी ओसरायला लागली. मी अहवालावर अहवाल काढले. शेवटी एका संध्याकाळी जाऊन नुसती बसले. सव्वासातला रखवालदाराच्या गणवेशातला एक माणूस चिठ्ठी घेऊन बाहेर आला, औषधांच्या खिडकीपाशी गेला, खाली ओढलेलं शटर बघून थोडा वेळ तसाच उभा राहिला. खिडकी साडेपाचला बंद व्हायची. फार्मसी वेगळ्या विभागाखाली होती आणि आम्ही त्यांना बैठकीला बोलावलंच नव्हतं. त्याला मधुमेहाच्या गोळ्यांसाठी दुसऱ्या दिवशी रजा टाकावी लागणार होती. मग संध्याकाळच्या क्लिनिकात त्याने यायचं कशाला?

तुमच्या पाच वर्षांत एक मोठा खड्डा आहे, तो आराखड्याच्या सुरुवातीलाच दाखवा. जुलै 2025च्या केंद्रीय कायद्यामुळे, मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या विस्तारातून ज्या प्रौढांना विमा मिळाला त्यांची पात्रता 2027पासून दर सहा महिन्यांनी तपासली जाणार आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना महिन्याला 80 तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचा पुरावा द्यावा लागणार आहे. यात काम करणारी माणसंही कागदापायी गळतील. विमा गेला म्हणून त्यांचा दमा थोडाच जाणार आहे? 1986च्या केंद्रीय कायद्याने इमर्जन्सीत आलेल्याला तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही, आणि राज्याच्या कल्याणविषयक कायद्याच्या कलम 17000नुसार ज्याला दुसरा आधार नाही त्याचा भार काउंटीवर. म्हणजे माणूस तोच, दारही तेच, फक्त बिल भरणारा नाहीसा. अर्ज भरून देणारे कर्मचारी याच आराखड्यात मागा. परिचारिकेपेक्षा ते स्वस्त पडतात, आणि मंडळाला हा हिशोब लगेच कळतो.

सध्या पहिलं पान बाजूला ठेवा. मनुष्यबळ विभागाकडून रिकाम्या पदांची यादी मागा, प्रत्येक पद कधीपासून रिकामं आहे त्या तारखेसकट. द्यायला टाळाटाळ करतील. मिळाली की मला पुन्हा लिहा.