लेजर की ट्रेझर राहू द्या, आधी ते बारा तोळे सोडवा

सोलापूरहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४१, टॉवेलचा होलसेल धंदा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं माल उचलून बाहेरगावी पाठवतात, महिन्याला सत्तर-पंचाहत्तर हजार सुटतात. जून २०२४ मध्ये ६ लाखांची क्रिप्टो घेतली, ती जिथं घेतली त्या एक्स्चेंजवरच, म्हणजे खरेदी-विक्रीच्या ॲपवरच आहे. पुढच्याच महिन्यात वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरनं साधारण २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली तेव्हापासून धास्ती बसलीय, तर हार्डवेअर वॉलेट कुठलं घेऊ, लेजर की ट्रेझर? आणि मग पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता सांगावं तसं: "पैसे गोल्ड लोनचे आहेत, मिसेसचे १२ तोळे ठेवलेत, ११ टक्क्यांनी, तिला अजून बोललो नाही. सोन्याचा भाव वाढल्यामुळे आता २ लाख टॉप-अप मिळतोय, वॉलेट आलं की तेपण टाकू का?"

विचारलंय त्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. हार्डवेअर वॉलेट म्हणजे एक छोटा डबा. नाणी त्या डब्यात नसतात, ती खर्चायची गुप्त चावी असते. व्यवहारावर सही डब्याच्या आतच होते, चावी मोबाईल-कॉम्प्युटरवर येतच नाही, म्हणून ते सुरक्षित. लेजरमध्ये चावी जपणारी सिक्युअर चिप पहिल्यापासून आहे पण फर्मवेअर, म्हणजे आत चालणारा कोड, पूर्ण उघडं नाही, शिवाय २०२० मध्ये त्यांच्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर फुटले आणि मग लोकांच्या घरी खोटी पत्रं, खोटी वॉलेटं यायला लागली. ट्रेझरचा कोड सगळ्यांना बघायला उघडा. जुन्या ट्रेझरमध्ये तशी चिप नव्हती, आणि वॉलेट हातात आलं तर १५ मिनिटांत त्यातनं चावी काढता येते हे क्रॅकन या एक्स्चेंजच्या लोकांनी २०२० मध्ये करून दाखवलं, पण त्यांच्याच २०२३ च्या सेफ ३ मध्ये चिप आली. लेजरचं नॅनो एस प्लस आणि ट्रेझरचं सेफ ३ दोन्ही बाजारात आली तेव्हा ८० डॉलरच्या आसपास होती, इथे येईपर्यंत अजून वाढतात. मला विचाराल तर सेफ ३. आणि तुमच्या ग्रुपवरचा तो मित्र "सेटअप करून, शब्द लिहिलेल्या कार्डासकट" अर्ध्या किमतीत देतोय म्हणता ना, ते फुकट दिलं तरी घेऊ नका. वॉलेट सुरू करताना जे शब्द मिळतात ते म्हणजेच चावी, ती त्याच्याकडे आधीच आहे. तुम्ही नाणी टाकायची आणि त्यानं काढून न्यायची एवढंच बाकी.

झालं वॉलेट. आता हिशोब, कारण तो तुम्ही केलेलाच नाही.

तुम्ही लिहिताय की ॲपवर लाखभर प्रॉफिट दिसतोय. ३ लाखांच्या बिटकॉइनचे ५ झाले, आणि उरलेल्या ३ लाखांत ग्रुपवर कुणी कुणी सांगितलेली सहा-सात नाणी घेतली त्याचे २ राहिले. एकूण ७. बरोबर? पण मालक, आपल्याकडे क्रिप्टोत एका नाण्याचा तोटा दुसऱ्या नाण्याच्या फायद्यातनं वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणजे टॅक्स १ लाखावर नाही, २ लाखांवर, ३० टक्के आणि वर सेस धरून ३१.२, झाले ६२ हजार. कर्जाचं व्याजही वजा मिळत नाही, फक्त खरेदीची किंमत मिळते. सोळा महिन्यांचं व्याज ८८ हजार, त्यातलं ६६ तुम्ही रिन्यू करताना धंद्यातनं भरलं म्हणून ते तुम्हाला खर्चच वाटत नाहीये. ७ लाखांतनं ६२ हजार गेले, ६ लाख मुद्दल गेलं, ८८ हजार व्याज गेलं. राहिलं काय? पन्नास हजार मायनस. ॲपवर हिरवं, घरात लाल. आणि हे बिटकॉइन एवढं वाढूनसुद्धा.

११ टक्के व्याज आणि वर टॅक्स धरला तर नुसतं बरोबरीत यायला तुम्हाला दर वर्षी १६ टक्के पाहिजेत, तेपण प्रत्येक नाण्यात. त्याच्यावर "मुलीच्या इंजिनिअरिंगपर्यंत दहापट" असं लिहिलंय ते मी वाचलं नाही असं समजतो. दरम्यान सोनं २०२४ च्या मध्यात तोळ्याला ७०-७२ हजार होतं, ते २०२५ मध्ये लाखाच्या वर गेलं, म्हणजे गहाण गप पडून राहिलेल्या डागांनी तुमच्या सगळ्या अभ्यासापेक्षा चांगलं काम केलं. टॉप-अप त्याच वाढीवर देतायत. घेऊ नका.

आता काय करायचं. ती सहा-सात नाणी सगळी विका, २ लाख, त्यावर टॅक्स नाही. बिटकॉइनमधले ४ लाख विका, त्यातला फायदा १ लाख ६०, टॅक्स ५० हजार, तो आजच बाजूला ठेवा, एक टक्का टीडीएस कापला जाईल तो त्यातच धरला जातो. हातात साडेपाच लाख. कर्जाचे राहिलेले ५० आणि व्याजाचे २२ धंद्यातनं तीन-चार महिन्यांत फिटतील. उरलं १ लाखाचं बिटकॉइन, ते तुमच्या पैशाचं. त्याला वॉलेट घ्यायचं तर घ्या. आधी एक्स्चेंज नाणी बाहेर पाठवू देतं का ते बघा, सगळी ॲप देत नाहीत, आणि पहिल्यांदा पाचशे रुपयांचं पाठवून बघा. स्वतःच्याच वॉलेटवर हलवणं म्हणजे विक्री नव्हे, टॅक्स लागत नाही. शब्द कागदावर लिहा, मोबाईलमध्ये फोटो नको.

आणि तो कागद कुठे आहे हे तुमच्या मिसेसना माहीत पाहिजे. आज परिस्थिती अशी आहे की उद्या एमआयडीसीतनं येताना तुम्हाला काही झालं, तर त्यांना लिलावाची नोटीस बरोबर घरपोच येईल, पण नाण्यांचा पत्ता कुणालाच लागणार नाही. वॉलेट घेतलं की हे अजून पक्कं होतं, कारण एक्स्चेंजला निदान वारस कागदपत्रं घेऊन भेटू तरी शकतो, कागदावरच्या शब्दांना कोण भेटणार? तुमच्या नावावर विमा किती, तर साडूकडनं घेतलेली ५ लाखांची मनीबॅक, हप्ता वर्षाला ५० हजार! परतावा पाच टक्क्यांच्या आसपास. साडूला वाईट वाटेल म्हणून चालू ठेवलीय, हे वाक्य तुमचंच. ती पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद, आणि वीस-पंचवीस हजारांत १ कोटीचा टर्म विमा घ्या. तंबाखूचा मावा खात असाल तर फॉर्मवर खरं लिहा, हप्ता वाढेल, वाढू दे.

राहिलं घरात सांगायचं. ते वॉलेट यायच्या आधी, याच आठवड्यात. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला जायच्या वेळी त्या कपाट उघडणारच आहेत, त्यापेक्षा तुम्हीच सांगितलेलं बरं. आणि सोनं सोडवायला जाल तेव्हा त्यांना बरोबर घेऊन जा. कुठली पाटली माहेरची आणि गंठण नेमकं कुठलं, हे पावती बघून तुम्हाला कळणार नाही, त्यांना बरोबर कळेल.