इजिप्तचं बुकिंग झालंय, पण दहशतवादाच्या इशाऱ्यांमुळे घरचे नको म्हणतात. जावं का?

घरचे म्हणजे नेमके कोण, ते तुम्ही लिहिलं नाहीत. ते कळलं असतं तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं असतं. आमच्या घरात नको म्हणणारा माणूस न्यू जर्सीत बसलेला होता.

नोव्हेंबरात कैरो, लक्सर, आस्वान, सोबत सत्तरीचे वडील आणि दोन मुलं, एवढं तुमच्या प्रश्नात आहे. तेवढ्यावर माझं उत्तर: जा. इशारा देशाच्या नावाने येतो, पण तो असतो जागेपुरता. आपल्याकडे फक्त मथळा फॉरवर्ड होतो, खालचा नकाशा कुणी उघडत नाही. इजिप्तच्या बाबतीत ब्रिटन-अमेरिकेचा कडक इशारा आहे तो उत्तर सिनाईला आणि लिबियाच्या सरहद्दीकडच्या वाळवंटाला. नाईलकाठच्या या तीन शहरांसाठी सूचना आहे ती सावध राहण्याची. तिथे कधी काही झालंच नाही असं नाही. १९९७ च्या नोव्हेंबरात लक्सरला हत्शेपसुतच्या मंदिरात ५८ परदेशी पर्यटक मारले गेले. २०१८ च्या डिसेंबरात गिझाजवळ पर्यटकांच्या बसशेजारी बॉम्ब फुटला, त्यात तीन व्हिएतनामी पर्यटक आणि त्यांचा गाइड गेला. हे तुमच्या घरी कुणी ना कुणी शोधून काढणारच आहे, म्हणून मीच सांगून टाकते. पॅकेजमध्ये पश्चिम वाळवंटातली तंबूतली रात्र असेल तर तेवढी काढायला सांगा. २०१५ मध्ये तिकडे मेक्सिकोच्या पर्यटकांचा ताफा अतिरेक्यांचा समजून खुद्द इजिप्तच्या सुरक्षा दलांनीच त्याच्यावर हल्ला केला होता. बारा जण गेले.

आता माझं ऐका.

२०१९ साली सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या आणि त्यांना अशोकवन बघायचं होतं. श्रीलंकेत नुवारा एलियाजवळ सीता एलिया म्हणून गाव आहे. तिथे रस्त्याला लागूनच सीतेचं मंदिर आहे, शेजारून ओढा वाहतो आणि ओढ्याच्या खडकात वाटोळे खड्डे आहेत. ती हनुमानाची पावलं मानतात. भजनी मंडळातल्या एका बाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला आणि सासूबाईंनी त्याच दिवशी संध्याकाळी विचारलं, "पासपोर्टला किती दिवस लागतात गं?" आयुष्यात या बाईने माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिली गोष्ट. मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात त्या इरकल नेसून आल्या होत्या. पडताळणीला घरी आलेल्या हवालदाराला साबुदाण्याची खिचडी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. पासपोर्ट हातात आल्यावर त्यांनी परकराला आतून चोरखिसा शिवला, पासपोर्ट त्यात घातला आणि सरकतो की काय ते बघायला हॉलमधून चार येरझाऱ्या घातल्या. म्हणाल्या, "बोचतो जरा, पण राहतो."

एका टूर कंपनीत चौघांचं बुकिंग केलं. १२ मे रोजी निघायचं, पहिला मुक्काम निगोंबो, कारण विमानतळ तिथून जवळ.

२१ एप्रिलला रविवार होता, ईस्टर. मी आमरसासाठी आंबे पिळत होते आणि बाहेर टीव्ही लागला होता. श्रीलंकेत बॉम्बस्फोट, एका सकाळीत तीन चर्च आणि तीन मोठी हॉटेलं. मेलेल्यांचा आकडा पुढे अडीचशेच्या वर गेला, त्यात अकरा भारतीय. तीन चर्चपैकी एक निगोंबोचंच. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त आवाज कमी करायला सांगितला.

रात्री धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, कॅन्सल करताय ना?" याला प्रश्न म्हणायचं तर म्हणा. २७ तारखेला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना आली, अत्यावश्यक नसेल तर श्रीलंकेला जाऊ नका. ती भावजींनी घरच्या ग्रुपवर चार वेळा टाकली. मी म्हटलं, अजून पंधरा दिवस आहेत, बघू. त्यावर ते म्हणाले, "आईची जबाबदारी कोण घेणार?"

बारा वर्षं मी ब्रँचला निघायच्या आधी सासूबाईंना इन्सुलिन टोचत होते. आणि जबाबदारी कोण घेणार.

असो. रद्द केलं. टूर कंपनीने पैसे परत दिले नाहीत. म्हणे, सरकारने सूचना दिलीय, बंदी घातलेली नाही. एक क्रेडिट नोट हातात ठेवली, मुदत ३० एप्रिल २०२०. त्या तारखेला आपण सगळे कुठे होतो ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आता ज्यासाठी हे एवढं लिहायला बसले ते सांगते. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला. सतरा-अठरा माणसं गेली, बहुतेक तरुण. फोन लागत नव्हते, कोथरूडसारख्या लांबच्या भागातसुद्धा त्या रात्री जो तो आपापल्या पोरांना शोधत होता. हेच भावजी बारा दिवसांनी बायको-मुलांसह पुण्यात उतरले, मुलाची मुंज होती. तिकिटं काढलेली, हॉल ठरलेला. परदेशी सरकारं तेव्हा आपापल्या लोकांना भारताबद्दल जपून राहायला सांगत होतीच. त्यांना सासरच्यांनी तिकडून विचारलं तर म्हणाले, "अहो, पुणं आहे ते, काय होतंय?" आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस कॅम्पात कयानीसमोर श्रूजबरीच्या रांगेत उभा. बेकरीत स्फोट होऊन पंधरा दिवस झाले नव्हते आणि हे बेकरीच्या रांगेत! मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. मीही तशीच होते. १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच रस्त्याने डेक्कनच्या ब्रँचला गेले.

म्हणजे ओळखीच्या गावात बॉम्ब फुटला की तो अपघात आणि अनोळखी गावात फुटला की तो देशच तसा. पुण्यात कुठला रस्ता कुठे निघतो ते आपल्याला माहीत असतं, म्हणून धीर वाटतो. त्या माहितीचा आणि बॉम्बचा काही संबंध नाही. भावजींना मी हे फोनवर म्हटलं होतं. त्यांनी "तुलना चुकीची आहे" म्हणून विषय बदलला.

आणि माझा राग त्या मे महिन्याचा नाहीच. मे संपता संपता आपल्या सरकारने सूचना सौम्य केली. जूनमध्ये पंतप्रधान कोलंबोला जाऊन स्फोट झालेल्या चर्चमध्ये उभे राहिले. ऑगस्टपासून श्रीलंकेने व्हिसाचं शुल्क माफ केलं, हॉटेलांचे दर उतरले होते. मी डिसेंबरचं कोटेशन आणलं, क्रेडिट नोट वापरून. भावजी म्हणाले, "अजून सहा महिने थांबूया, परिस्थिती बघू." नवरा म्हणाला, उगाच वाद नको. त्याचं हे नेहमीचंच. आमच्याच बिल्डिंगमधलं एक जोडपं त्या डिसेंबरात जाऊन आलं आणि सासूबाईंसाठी चहाचा पुडा घेऊन आलं. तो त्यांनी महिनाभर फोडलाच नाही. फोडला तेव्हा दोन घोट घेऊन म्हणाल्या, "आपल्या अमृततुल्यची सर नाही." पुढे मार्च आला, लॉकडाउन आला. २०२२ मध्ये श्रीलंकेत पेट्रोल मिळेना आणि जुलैत तर लोक राष्ट्राध्यक्षांच्या तलावात पोहत होते. तोवर सासूबाईंचे गुडघे गेले.

म्हणून तुमच्या घरी जो कोणी नको म्हणतोय त्याला एकच विचारा: मग कधी? महिना आणि साल सांगायला लावा आणि ग्रुपवर लिहून घ्या. तारीख सांगता येत असेल तर त्या माणसाला खरंच काळजी आहे, त्याचं ऐका, पुढे ढकला. "बघू" म्हणाला तर तो नकारच आहे, फक्त गोड शब्दांतला. तुमचे वडील सत्तरीचे आहेत हे विसरू नका.

बाकी तुम्हाला कळतंच. इशारा वाचताना त्याची तारीख बघा आणि शब्द बघा. "जाऊ नका" आणि "सावध राहा" यांत फरक आहे. विमा अजून काढला नसेल तर आजच काढा, कारण घटना घडून गेल्यावर काढलेल्या विम्यात ती घटना सहसा धरत नाहीत. त्यात दहशतवादाचं कलम आहे का तेही वाचा. "भीती वाटली म्हणून रद्द केलं" याचे पैसे विमेवाले देत नाहीत. कैरोच्या भारतीय वकिलातीचा नंबर वडिलांच्या खिशात कागदावर लिहून द्या, मोबाइलमध्ये नको.

आता थोडं उलट बाजूनेही लिहायला हवं, नाहीतर खाली कुणीतरी लिहीलच. त्या मे महिन्यापुरतं भावजींचं बरोबर होतं. आम्ही १२ तारखेला पोचणार होतो आणि १३ मेच्या रात्री दंगलींमुळे श्रीलंकेत देशभर संचारबंदी लागली. दंगलींतलं मिनुवांगोडा विमानतळापासून जवळ आहे, म्हणजे आमच्या पहिल्या मुक्कामापासूनही. इन्सुलिनची बाटली आणि एकाहत्तर वर्षांची बाई घेऊन मी तिथे काय केलं असतं, देव जाणे. स्वतःच्या सरकारने जाऊ नका म्हटलं असेल त्या आठवड्यात जाऊ नये. हे मी भावजींना अजून सांगितलेलं नाही. आणि २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जे झालं, त्यात गेलेल्या २६ जणांत दोघे आपल्या पुण्याचे होते. त्या घरांसमोर "काय होतंय" म्हणायची माझी छाती नाही. धोका नाही असं मी म्हणतच नाही.

सासूबाईंना आता सत्त्याहत्तर पूर्ण झाली. तो परकर जुना झाला तेव्हा त्यांनी चोरखिसा उसवून नव्याला लावला. का लावला, ते मी विचारलं नाही. पासपोर्ट कोरा आहे. भावजी डिसेंबरात येताहेत आणि असली मराठी उत्तरं ते रात्र रात्र वाचत बसतात, तेव्हा हेही वाचतील. वाचू दे. भावजी, पासपोर्ट २०२९ पर्यंत चालतो आणि विमानतळावर व्हीलचेअर मिळते.