डॉ. रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला का गेल्या नाहीत? आणि पुढे त्या डॉक्टर कशा झाल्या?

रखमाबाईंना अनेकदा 'भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टर' म्हटलं जातं, ते आधी निस्तरतो. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियातून एम.डी. झाल्या, पण प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आतच फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली तर रखमाबाई लंडनला निघण्याआधीपासून रुग्ण तपासत होत्या. तेव्हा 'पहिल्या' या पाटीवरून वाद घालू नये. रखमाबाईंचं त्या पाटीवाचून काही अडत नाही.

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करतो. माझी त्यांच्याशी ओळख झाली ती लॉ रिपोर्टमधून, म्हणजे कोर्टाचे निकाल छापणाऱ्या ग्रंथातून: 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई'. आजही 'बायकोने नांदायला यावे' म्हणून अर्ज येतात. त्यांचं मूळ शोधत मागे गेलं की ही केस लागतेच.

वकिलाच्या नजरेला यात आधी दिसते ती इस्टेट. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाई विधवा झाल्या तेव्हा १७ वर्षांच्या होत्या. त्यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सुतार समाजात तशी मोकळीक होती. पण त्याआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे केली. या मुलीचं ११ व्या वर्षी दादाजींशी लग्न लागलं. लग्नानंतरही ती आई आणि सावत्र वडिलांकडेच राहिली आणि पुस्तकं आणून घरीच वाचत राहिली. दादाजी तिकडे मामाकडे राहत होते. ना शिक्षण, ना कमाई, त्यात प्रकृती तोळामासा. १८८४ मध्ये त्यांनी नोटीस धाडली: बायकोला पाठवा. मग वैवाहिक हक्क 'पुन्हा' मिळावेत म्हणून दावा लावला.

रखमाबाईंचं म्हणणं साधं होतं. अजाण वयात लावलेल्या लग्नाला माझी संमती नव्हती, आणि या माणसाबरोबर मला संसार करायचा नाही.

न्या. पिन्ही यांनी २१ सप्टेंबर १८८५ ला निकाल त्यांच्या बाजूने दिला. जे जोडपं कधी एकत्र राहिलंच नाही त्याला 'पुन्हा' एकत्र आणायचं कसं, हा त्यांचा मुद्दा होता. शिवाय असा दावा हिंदू शास्त्रातून आलेला नव्हता, तो इंग्रजी कायद्यातून आयात केलेला होता. मौज अशी की धर्म बुडाला म्हणून ओरडणारे लोक या आयात मालाचीच पाठराखण करत होते. टिळकांचा 'केसरी'ही रखमाबाईंच्या विरोधात होता. दुसरीकडे बालविवाहाविरुद्ध लिहिणारे पत्रकार बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक त्यांच्यासाठी उभे राहिले.

या सगळ्या काळात 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने पत्रं येत होती. ती रखमाबाईंचीच. जूनमधलं बालविवाहावर, आणि निकालाच्या फक्त दोन दिवस आधीचं, १९ सप्टेंबरचं, सक्तीच्या वैधव्यावर. स्वतःचा दावा चालू असताना बाई असं लिहितेय, हे माझ्या अशिलाने केलं असतं तर मी डोक्याला हात लावला असता.

अपिलात निकाल फिरला. ४ मार्च १८८७ ला न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तुरुंगात जाईन, हे त्यांचं उत्तर. खुद्द इंग्लंडमध्ये अशा हुकुमासाठी तुरुंगात टाकणं १८८४ मध्येच बंद झालं होतं!

राणी व्हिक्टोरियाने हे लग्न मोडलं असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. तसं नाही. १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजींनी २,००० रुपये घेतले आणि हुकुमाची बजावणी सोडली. घटस्फोट झाला नाही.

डॉक्टरकीचा रस्ता दाखवला तो मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या डॉ. एडिथ पीची यांनी. त्या स्वतः एडिंबरामध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी भांडलेल्या सात जणींपैकी एक. रखमाबाई १८८९ मध्ये लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये दाखल झाल्या, १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या परीक्षा देऊन डॉक्टर झाल्या आणि परत आल्या. मग सुरतेचं बायकांचं हॉस्पिटल. १९१८ मध्ये सरकारी विमेन्स मेडिकल सर्व्हिसने बोलावलं. ते नाकारून त्या राजकोट संस्थानच्या बायकांच्या हॉस्पिटलात गेल्या. एकूण सुमारे ३५ वर्षांची नोकरी. लोक खटल्याची चार वर्षं रंगवून सांगतात आणि ही ३५ वर्षं दोन ओळींत उरकतात (मीही तेच करतोय, कबूल). पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत, आणि ही हॉस्पिटलं त्यांच्यासाठीच होती. इतकी वर्षं त्या बायका तपासल्यावर उतारवयात त्यांनी पडदा बंद झाला पाहिजे म्हणून पत्रकही काढलं.

एक गोष्ट मात्र अनेकांना खटकते. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा रखमाबाई विधवेसारखं पांढरं लुगडं नेसू लागल्या. वैधव्यावर ते पत्र लिहिणारी बाई! काही जण याला माघार म्हणतात. मला ती वाटत नाही. कायद्याच्या लेखी लग्न शेवटपर्यंत शाबूत होतं, आणि त्या लग्नात काय पाळायचं, काय नाही, हे त्यांनी पहिल्यापासून स्वतःच ठरवलं होतं.

हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ ला लागू झाला. त्यात घटस्फोट आला, आणि कलम ९ म्हणून नांदायला बोलावण्याचा दावाही आला. रखमाबाई त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, वयाच्या ९० व्या वर्षी गेल्या. हुकूम मोडला तर आता तुरुंग नाही, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.